जाड सुताचा पोछा

मी एक पोछा बोलतोय. दांड्याचा, सुताच्या झुपक्याचा, उभ्याने फरशी पुसायचा. रंग विचाराल तर जन्मतः पांढरा होतो. आता काय झालंय ते पुढे येईलच. मुक्काम भावनगर, विजयाबेन दोशी यांच्या घराची मागची गॅलरी, जुन्या लोखंडी पेटीच्या आडोशाला. इथे ऊन येत नाही आणि पाणीही येत नाही. वर्ष होत आलं, मला कोणी हात लावलेला नाही. लावायचाच नाही, असा बांचा हुकूम आहे. विजयाबेनना घरात आणि गल्लीत सगळे बा म्हणतात, म्हणून मीही बा म्हणतो.

माझा जन्म सुरेंद्रनगरकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. गिरणीत उरलेलं सूत तिथे यायचं आणि तीन बायका त्याच्या मुठी बांधून लोखंडी चिमट्यात अडकवायच्या. मला बांधणारीने गप्पांच्या नादात दोन मुठी जास्त घेतल्या.

"हा जाडा झाला गं," शेजारची म्हणाली.

"होऊ दे. जाडा लवकर खपतो," ती म्हणाली आणि चिमटा आवळून मोकळी झाली.

त्या दोन मुठींचा मला पुढे फार गर्व झाला. दुकानात माझ्या दोन्ही बाजूंना पातळ, किडकिडे पोछे लटकत होते. गिऱ्हाईक आलं की हात आधी माझ्या झुपक्याकडे जायचा. मी मनात म्हणायचो, बघा, माल याला म्हणतात. माणसांची ही खोड मला तेव्हाच कळली होती. वस्तू जड लागली की त्यांना ती चांगली वाटते.

दुकान वालजीभाईंचं. ऑगस्टच्या एका दुपारी झरणा आली, बांची सून. एका खांद्याला भाजीची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन. फोन बंद न करताच तिने मला उचललं.

"बेन, घरी पुसणार कोण?" वालजीभाईंनी विचारलं.

"आमच्या लाभुबेन. का?"

"त्यांना आणलं असतं बरोबर तर बरं झालं असतं. हा ओला झाला की तीन किलोचा होतो. आणि चौमासा आहे, लवकर सुकायचा नाही. हा पातळ न्या."

"पातळ नेला तर आमच्या बा म्हणतील, सुनेने चिंधी आणली. त्यांना आधीच उभ्याने पुसलेलं चालत नाही. त्यांच्या डोळ्यांत भरेल असा हवा."

वालजीभाईंनी खांदे उडवले. झरणाने पिळायच्या जाळीची एक बादलीही घेतली आणि मी रिक्षात बसून दोशींच्या घरी आलो. मला न पिळता, न हलवून बघता, नुसतं डोळ्यांनी निवडलं होतं. मला त्यात माझा मानच वाटला.

घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या कळलं की इथे माझी वाट एका बाईने श्वास रोखून पाहिली होती. ती लाभुबेन. वय पन्नाशीच्या पुढे, उजवा गुडघा सुजलेला, साडी कंबरेला खोचलेली. एकोणीस वर्षं तिने या घराची फरशी उकिडवं बसून, हातात फडकं घेऊन, मागे मागे सरकत पुसली होती. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की उकिडवं बसणं बंद, नाहीतर पाय कायमचा आखडेल. तिची चार घरं होती. गुडघ्याचं कळल्यावर तीन सुटली होती. हे चौथं आणि शेवटचं. तेही सुटलं तर या वयात गुडघेदुखीच्या बाईला नवं घर कोण देणार?

बा खुर्चीत बसल्या होत्या. घडीची, लाकडी, निळ्या पट्ट्यांची खुर्ची. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"उभ्याने पुसणं म्हणजे वरवरचं काम," त्या म्हणाल्या. "माणूस खाली वाकल्याशिवाय त्याला मुंगी दिसते का? लाभु बसून पुसते म्हणून तिच्या हातून आजवर एक जीव मेला नाही."

बांचा हट्ट नुसता हट्ट नव्हता, एवढं मी कबूल करतो. हे जैनांचं घर. इथे पाणी गाळून घेतात, दिवस बुडायच्या आत जेवतात आणि फरशी पुसण्याआधी पुंजणी फिरवतात. पुंजणी म्हणजे मऊ लोकरीची लहानशी झाडणी. मुंगी असली तर तिला न दुखवता बाजूला करायची, मग पाणी लावायचं.

"त्याची सोय केलीय, बा," लाभुबेन म्हणाली. तिने दाराआडून एक काठी काढली. मोडक्या छत्रीच्या दांड्याला तिने पुंजणी सुतळीने घट्ट बांधली होती. "आधी ही फिरवणार. उभ्याने. नजर माझी अजून चांगली आहे."

झरणा हसली. बा हसल्या नाहीत, पण त्यांनी काठी हातात घेऊन गाठ ओढून बघितली.

"परवापासून पजूसण," त्या म्हणाल्या. "आठ दिवस बघू. या आठ दिवसांत एक जीव मेला किंवा या झुपक्यावर लीलफूग धरली, तर हा पोछा घरात राहणार नाही. आणि बसून पुसणारी काजल मला सापडलेली आहे."

पजूसण म्हणजे पर्युषण, जैनांचं आठ दिवसांचं पर्व. लीलफूग म्हणजे हिरवी बुरशी. आपण बुरशी पाहिली की नाक मुरडून धुऊन टाकतो. या घरात तसं चालत नाही. बुरशीच्या एका ठिपक्यात अगणित जीव असतात असं बा मानतात. म्हणून ती धरू द्यायची नाही, म्हणजे कुठलीही वस्तू ओली ठेवायची नाही. आणि धरलीच, तर ती धुवायची नाही, खरवडायची नाही, उन्हात टाकायची नाही. सावलीत, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवून द्यायची.

 चौमासा, भावनगरची दमट हवा आणि माझ्या पोटात त्या दोन मुठी जास्तीच्या. एका बाईची भाकरी माझ्या सुकण्यावर टांगलेली होती आणि मला सुकता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी लाभुबेनने मला पाण्यात बुडवलं आणि उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघाला. वालजीभाई खरं बोलले होते. तरी ती उभी होती, पाठ ताठ होती, आणि अर्ध्या तासात सगळं घर पुसून झालं. कोपऱ्यात मी नीट शिरलो नाही म्हणून तिने मला पायाच्या अंगठ्याने आत ढकललं. मुंग्यांची रांग होती ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिथे तिने मला नेलंच नाही, फडकं हाताने फिरवलं.

मग तिने मला जाळीत पिळलं, हाताने पिळलं, पुन्हा पिळलं आणि गॅलरीत पंख्याखाली टांगलं. एकेक सूत सुटं केलं.

संध्याकाळी दिवस बुडायच्या आधी बांनी उकळून गार केलेलं पाणी प्यायलं. तो त्यांचा दिवसातला शेवटचा घोट. मग त्या काठी टेकत गॅलरीत आल्या आणि त्यांनी माझ्या झुपक्यात दोन बोटं खुपसली. बोटं आत गेली, आणखी आत गेली. लाभुबेन दाराशी उभी होती.

"वरून सुकलाय. आत ओल आहे," बा म्हणाल्या.

"रात्रभर पंखा चालू ठेवते बा," झरणा मागून म्हणाली.

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी झरणाने कमाल केली. बा उपाश्रयात, म्हणजे साधू-महाराज उतरतात तिथे, व्याख्यानाला गेल्या होत्या. झरणाने केस वाळवायचं यंत्र आणलं आणि माझ्यावर गरम वारा सोडला.

"भाभी, हे केसांचं ना?" लाभुबेनने विचारलं.

"केसच आहेत की हे. याच्याइतके दाट माझे असते तर काय हवं होतं."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या संध्याकाळी बांची बोटं कोरडी बाहेर आली. त्या आत निघून गेल्या. लाभुबेनने मात्र जिन्यात जाऊन, कोणी नाही असं पाहून, गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिसरा दिवसही निभावला. मला वाटू लागलं की निघालो यातून.

लाभुबेनचं आणखी एक काम होतं. रोज संध्याकाळी बा प्रतिक्रमणाला उपाश्रयात जात. दिवसभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायचा तो पाठ. त्यात खाली बसायचं, उठायचं, वाकायचं असतं. बांचे गुडघे चार वर्षांपूर्वीच गेलेत, त्यामुळे त्या खुर्चीवर बसून करतात. उपाश्रयातल्या खुर्च्या त्यांना उंच पडतात, म्हणून ही निळ्या पट्ट्यांची खुर्ची रोज न्यायची आणि रोज आणायची. ती लाभुबेन काखेत मारून न्यायची, लंगडत. मी गॅलरीत टांगलेला असायचो आणि खुर्ची माझ्या शेजारीच ठेवत. त्या खुर्चीकडे बघून माझ्या मनात काय यायचं, ते मी सांगत नाही. माझं काम फरशी पुसण्याचं होतं.

चौथ्या दिवशी लाभुबेन आली नाही. गुडघा एवढा सुजला होता की पाय जमिनीला टेकत नव्हता. तिने शेजारणीच्या हाती निरोप धाडला, तीन दिवस द्या.

त्या दिवशी झरणाने पुसलं. पाचवा दिवस महावीर जन्मवाचनाचा. घरात पाहुणे आले, नारळ फुटले, खोबरं आणि साखर वाटली गेली, फरशीवर पाणी सांडलं. झरणाने घाईघाईने मला फिरवलं आणि पाहुण्यांनी हाक मारली म्हणून बादलीतच उभं करून ठेवलं, न्हाणीघराच्या दारामागे. बादलीत गढूळ पाणी होतं. बाहेर पाऊस लागला होता तो थांबेना. दुपारी वीज गेली. मी वाट बघत राहिलो.

संध्याकाळी बांचा आवाज आला, "झरणा, पोछा सुकला का गं? मला आज उठवत नाही."

 मग झरणा म्हणाली, "सुकलाय बा. मी बघितलं."

तिच्या डोक्यात कळ येत होती. सकाळपासून सोळा माणसांचं जेवण तिने केलं होतं. मी तिला दोष देत नाही. पण ती न्हाणीघराकडे आली नाही, हेही खरं. सहाव्या दिवशी तिचा उपवास होता आणि ती पडून होती. कोणाला माझी आठवण झाली नाही. त्या रात्रीपासून माझ्या पोटात, त्या जास्तीच्या दोन मुठींच्या मधोमध, काहीतरी मऊ मऊ वाढायला लागलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी लाभुबेन आली. गुडघ्याला पट्टा होता. तिने मला गॅलरीत शोधलं, दाराआड शोधलं आणि शेवटी न्हाणीघरात बादलीतून बाहेर काढलं. माझी सुतं बाजूला केली. तिथे हिरवट काळे ठिपके होते, दोन-चार नव्हे, चांगले तळहाताएवढे पसरलेले.

"भाभी," तिने हळूच हाक मारली. "हा बादलीत कधीपासून?"

झरणा आली आणि बघून तिचा चेहरा उतरला. तिने आधी मागे वळून बघितलं. बा देवघरात माळ जपत होत्या.

"लाभुबेन, ऐका माझं," ती कुजबुजली. "गरम पाण्यात सोडा टाकते. दोन मिनिटांचं काम आहे. घासून काढू, पंख्याखाली टाकू. उद्याचा एकच दिवस राहिलाय. कोणाला कळणार आहे?"

"कोणाला नाही कळणार," लाभुबेन म्हणाली.

तिने मला नळाखाली धरलं. डावा हात नळावर होता. आणि मी, खरं सांगतो, मनातल्या मनात ओरडत होतो. धू बाई. घास मला. सोडा टाक, उकळतं पाणी टाक, काय वाटेल ते कर. तुझं घर राहील, माझीही जागा राहील. या ठिपक्यांचं काय एवढं घेऊन बसलीस? तू तर यांच्या धर्मातलीसुद्धा नाहीस. तुझ्या घरी मासे शिजतात.

हात नळावर बराच वेळ होता. मग तो खाली आला.

"भाभी, सुरुवातीला मी घरी जाऊन हसायचे," ती म्हणाली. "लोणच्याच्या बरणीवर बुरशी धरली तर बा बरणी माळ्यावर ठेवायला लावायच्या. मी नवऱ्याला सांगायचे, श्रीमंतांचे चोचले. पण एकोणीस वर्षं मी ती बरणी कधी धुतली नाही. आज स्वतःच्या पोटासाठी धुऊ? हात जात नाही."

"मग तुमचं काम जाईल."

"जाईल."

झरणा रडवेली झाली. लाभुबेनने मला दोन्ही हातांनी आडवं उचललं, तान्ह्या मुलाला उचलतात तसं, आणि या पेटीच्या आडोशाला आणून ठेवलं. हलक्या हाताने, एकही सूत दबणार नाही असं. मग ती देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"बा, पोछ्यावर लीलफूग धरली."

माळ थांबली. बा गॅलरीत आल्या, वाकून बघायचा प्रयत्न केला, वाकता आलं नाही.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

लाभुबेनने झरणाकडे बघितलं नाही. झरणा फरशीकडे बघत होती.

"ओला राहिला, बा."

"परवा झरणाने बघितला तेव्हा सुका होता. म्हणजे तू होतीस त्या तीन दिवसांतच आत ओल राहिली. वरून सुका, आतून ओला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

आता भाभी बोलेल, असं मला वाटलं. भाभी बोलली नाही. लाभुबेनही बोलली नाही.

"उद्यापासून काजल येईल," बा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझ्यावर राग नाही, लाभु. पण मी सांगितलं होतं."

"हो बा. आजची फरशी पुसून जाते." आणि थोडं थांबून, "उद्या संवत्सरी, शेवटचा दिवस. तुमची खुर्ची न्यायला येईन. पजूसण पुरं होईपर्यंत नेईन असं म्हटलं होतं."

पेटीमागून, उघड्या दारातून, मला आतलं दिसत होतं. मग तिने जुनं फडकं घेतलं आणि ती खाली बसली. डावा पाय दुमडला. उजवा दुमडेना, तो तिने हाताने धरून दुमडला. घरातल्या तिन्ही खोल्या तिने मागे मागे सरकत पुसल्या. बा खुर्चीत बसून होत्या. लाभुबेन त्यांच्या खुर्चीच्या पायांभोवती फडकं फिरवत गेली, तेव्हा बांनी आपले पाय उचलून घेतले. उठताना लाभुबेनने दाराची चौकट दोन हातांनी धरली आणि तरी पहिल्यांदा तिला उठता आलं नाही. बांनी ते पाहिलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मला त्या क्षणी बांचा फार राग आला, आणि झरणाचा त्याहून जास्त.

आठव्या दिवशी सकाळी काजल आली. तरणी, चपळ, कामाला वाघ. पदर खोचून खाली बसली, बादलीभर पाणी ओतलं आणि वीस मिनिटांत घर लखलखीत केलं.

"उंबऱ्याशी मुंग्या होत्या," बा म्हणाल्या. "त्या बाजूला केल्यास ना?"

"एकही ठेवली नाही बा," काजल अभिमानाने म्हणाली. "पाण्याचा एक लोट दिला, सगळ्या गटारात."

बा उभ्या होत्या त्या खुर्चीवर बसल्या. 

"तुझी चूक नाही गं पोरी," त्या म्हणाल्या. "तुला कोणी सांगितलं नाही. मी समजले, बसून पुसते म्हणजे सगळं आलं." काजलला काही उमगलं नाही. ती बादली उपडी घालून निघून गेली.

दुपारी लाभुबेन आली, कबूल केल्याप्रमाणे. बांचा निर्जळी उपवास होता, ओठ सुकले होते. झरणाही बरोबर निघाली. लाभुबेनने खुर्ची काखेत घेतली. तिघी गेल्या. संवत्सरीचं प्रतिक्रमण तीन तास चालतं. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्या सगळ्यांची, माणसांची, किड्यामुंग्यांची, पाण्यातल्या आणि मातीतल्या जिवांची, क्षमा मागायची. मी पेटीमागे पडून होतो आणि घरात कोणी नव्हतं. असा रिकामा वेळ मी कधी काढला नव्हता.

तिन्हीसांजेला त्या परतल्या. खुर्ची ठेवायला गॅलरीतच यायचं होतं. झरणाने दिवा लावला. तिने बांचे पाय धरले.

"मिच्छामि दुक्कडम्, बा."

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा." माझ्याकडून चुकलं असेल ते माफ कर, असं त्या दिवशी प्रत्येकजण प्रत्येकाला म्हणतो. शंभर वेळा म्हणतात, मग ते नुसतं तोंडातून निघतं.

झरणाने पाय सोडले नाहीत.

"नुसतं म्हणायचं म्हणून नाही, बा. पोछा मी ओला ठेवला. जन्मवाचनाच्या दिवशी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी न बघता सुकला म्हटलं. आणि काल मी यांना म्हटलं, धुऊन टाका, बांना कळणार नाही. यांनी धुतला नाही. माझं नावही घेतलं नाही."

 खाली गल्लीत लोक एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत घरी चालले होते, ते ऐकू येत होतं.

"लाभु," बा म्हणाल्या. "खुर्ची उघड."

लाभुबेनने खुर्ची उघडली आणि बांच्या मागे सरकवली.

"मला नको. तू बस."

"बा, काहीतरीच काय."

"बस म्हणते ना."

लाभुबेन खुर्चीच्या अगदी काठावर बसली, कधीही उठता येईल अशी. एकोणीस वर्षांत ती या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसली होती, हे त्या तिघींनाही एकदमच जाणवलं असावं.

"गुडघे माझेही गेलेत," बा म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी देवापुढेसुद्धा खाली बसले नाही. महाराजसाहेबांनी विचारलं नाही, का गं बाई, खुर्चीवरून धर्म होतो का? आणि तुझ्याकडून मी काल तीन खोल्या बसून पुसून घेतल्या. बघत होते मी. सगळं बघत होते." त्यांनी भिंतीचा आधार घेतला, तो सोडला आणि दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, लाभु."

दरवर्षी बा हे तिला म्हणायच्या, ती भांडी घासत असताना, जाता जाता. ती हात न थांबवता हो बा म्हणायची. आज तिच्या हातात भांडं नव्हतं. पदराने तिने तोंड पुसलं, मग डोळे पुसले.

"बा, तुमच्या पोटात पाणी नाही. चक्कर येईल. तुम्ही बसा," ती म्हणाली. आणि उठायला गेली तर गुडघा अडला. "जरा हात द्या हो."

बांनी हात दिला. एकीने ओढलं, दुसरी उठली, आणि दोघींचेही गुडघे एकदम कडकडा वाजले. झरणाला रडता रडता हसू फुटलं. मग त्या दोघीही हसल्या.

"पारणं झालं की चल माझ्याबरोबर," बा म्हणाल्या. "नवा पोछा आणू. तू निवड. पुसणार तू, सुकवणार तू, आम्ही कोण ठरवणारे."

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. वालजीभाईंच्या दुकानात लाभुबेनने पाच पोछे खाली उतरवायला लावले. प्रत्येकाचा दांडा स्वतःच्या खांद्याशी मोजला. तांब्याभर पाणी मागितलं, दुकानासमोरच भिजवून, पिळून बघितले. शेवटी तिने पट्टीसारखा चपटा, पातळ कापडाचा एक घेतला. कापड काढता येतं, दोन बोटांत पिळतं, दुपारपर्यंत कडक सुकतं. बा दुकानाच्या बाकावर बसून होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, हे वालजीभाई अजून लोकांना सांगतात. काजललाही बांनी वाऱ्यावर सोडलं नाही. पुंजणीचं सगळं शिकवून तिला आपल्या लेकीच्या घरी कामाला लावून दिलं.

मी इथे आहे. हिरवा होतो, आता काळसर झालोय. कोणी धुवत नाही, कोणी फेकत नाही. झाडताना लाभुबेन पेटीच्या चार बोटं अलीकडेच थांबते. ज्या जाडीचा मला गर्व होता, तिच्यात आता दुसरेच कोणी सुखाने राहतात. नव्या पोछ्याचा मला हेवा वाटतो का? वाटतो. खोटं कशाला बोलू?

तुम्हालाही कधी ना कधी पोछा घ्यायचाच असेल. मग एवढं करा. डोळ्यांनी घेऊ नका. ज्याच्या हातात तो रोज जाणार आहे, त्याला दुकानात बरोबर न्या आणि त्याला उचलून बघू द्या.

परवापासून पुन्हा पजूसण आहे. निळ्या पट्ट्यांची खुर्ची झटकून ठेवलीय. तिच्याशेजारी आणखी एक आलीय, साधी, प्लॅस्टिकची, ती लाभुबेनची. माझंही एक मागणं राहिलंय, ते आजच उरकतो. माझ्या सुतात अडकून काही जीव गेला असेल, त्याची मी क्षमा मागतो. आणि लाभुबेन, तुझा हात नळावर होता तेव्हा मी आतून ओरडत होतो, धू, धुऊन टाक, कोणाला कळणार आहे? तुला ते ऐकू आलं नाही. मिच्छामि दुक्कडम्.